टोमॅटोचं रोप रानात जाण्याआधी आठ दिवस ऊन दाखवा

२५ मेच्या आसपास रोहिणी लागतं, पुढे पंधरवड्यात मृग. पहिल्यांदाच टोमॅटो करणारे बरेच जण आत्ता ट्रे बुक करून बसलेत. त्यांना एकच सांगणं आहे: नर्सरीत शेडनेटच्या सावलीत वाढलेलं रोप आणलं त्याच दिवशी रानात लावू नका.

गेल्या साली आमच्या शिवारात एकाने एकरासाठी ६० ट्रे आणले. भर दुपारी, उघड्या टेम्पोतून. रोपं दिसायला सुरेख, वीतभर उंच, पोपटी. उतरवली तशी लागण (लावणी) सुरू. तिसऱ्या दिवशी पानं कागदासारखी पांढरी पडली, आठवड्यात निम्मा प्लॉट बसला. मर (बुरशीने रोप वाळण्याचा रोग) आली म्हणून पठ्ठ्याने दुकानातून ड्रेंचिंगचं, म्हणजे मुळाशी ओतायचं, किट आणलं: बुरशीनाशक, ह्युमिक आणि कसलंसं टॉनिक. मी खोड चिरून दाखवलं. आतून स्वच्छ, मुळी पांढरी. मर नव्हतीच, रोप उन्हाने भाजलं होतं.

५० टक्के शेडनेट म्हणजे निम्मंच ऊन. त्यात वाढलेलं पान पातळ, वरचा मेणाचा थर नावापुरता, वाऱ्याची सवयच नाही. ते एकदम चाळीस डिग्रीत उभं केलं की मुळी जेवढं पाणी ओढते त्याहून जास्त पान उडवतं.

म्हणून रोप १८-२० दिवसांचं असतानाच उचला आणि कणखर करायचं काम आपल्या बांधावर करा. नर्सरीवाला म्हणेल, "हार्डन केलेलंच आहे." विचारा, नेट कधी काढलं? उत्तर बहुतेक गोल येतं. आणताना टेम्पोवर नेट बांधा, पहाटे निघा.

पहिले दोन दिवस ट्रे आंब्याच्या विरळ सावलीत, वारा अडेल अशा जागी, विटांवर ठेवा. जमिनीवर ठेवले तर मुळ्या खाली मातीत घुसतात. तिसऱ्या दिवसापासून सकाळचं ऊन, आधी दोन तास, मग रोज तास-दीड तास वाढवत न्या. शेवटचे दोन दिवस पूर्ण ऊन, रात्रीही उघड्यावर. ढगाळ दिवस मोजू नका! सध्या वळवाचं आभाळ येतंय. तीन दिवस ढग आणि चौथ्या दिवशी कडक ऊन पडलं तर रोपाच्या लेखी तो पहिलाच दिवस असतो.

पाणी कमी करा, तोडू नका. ट्रे एका हाताने उचलून बघायची सवय लावा. हलका लागला की पाणी, जड असेल तर राहू द्या. दुपारी पानं जराशी मलूल होऊन संध्याकाळी उभी राहिली तर ठीक. या आठवड्यात १९:१९:१९ हे विरघळणारं खत किंवा युरिया अजिबात नको, रोप नुसतं लांबतं. खोडावर जांभळट छटा आली, पान हाताला जाडसर लागलं की रोप तयार समजा. हा माझा अंदाज आहे, पण सहसा चुकत नाही. त्यापुढे ताणू नका, एकूण वय २८-३० दिवसांच्या आत ठेवा.

उघड्यावर पांढरी माशी आणि मावा बसतो. फळावर रंगीबेरंगी चट्टे पाडणारा २०२० चा 'तिरंगा' व्हायरस नारायणगाव-संगमनेरकडचे लोक विसरलेले नाहीत. ट्रेंवर कमानी करून ४० मेशची पांढरी इन्सेक्ट नेट टाका, पिवळे चिकट सापळे लावा, आणि लागणीच्या आदल्या संध्याकाळी इमिडाक्लोप्रिड (१७.८ एसएल) १० लिटरला ३ मिली एकदाच फवारा.

बाकीची नेहमीची कामं:
- गादीवाफे ५ फुटांवर, रोपांत दीड फूट
- शेणखत कुजलेलंच
- ड्रिप चालवून गळती बघणे
- मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिकचा कागद), चंदेरी बाजू वर
- आदल्या दिवशी बेड ओला

मल्चिंगचं भोक मात्र ऐसपैस पाडा, तीन इंच तरी, आणि दोन दिवस आधी पाडून वाफ निघू द्या. खोड कागदाला टेकलं की मान भाजते. लागण चारनंतर करा आणि मानेभोवती मूठभर माती लावून भोक बंद करा.

लावताना रोपाच्या मुळांची गड्डी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या पाण्यात (लिटरला ५ ग्रॅम) बुडवली तरी पुरे. ते वापरलंत तर कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची आळवणी लगेच करू नका, बुरशीला बुरशीनाशक मारतं. दुकानदार दोन्ही एकाच पिशवीत देतो. "मुळी चालेल" म्हणून हजार-बाराशेची बाटली गळ्यात मारतो, ती तिथेच राहू द्या. कणखर रोपाची मुळी पाण्यावर चालते.

नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला दोन ट्रे जास्त ठेवा, पण तेही उन्हातच. बहुतेक जण ते घरामागे सावलीत ठेवतात आणि आठ दिवसांनी लावलेलं तेच रोप पुन्हा पांढरं पडतं.