बरेनमधले भग्न किल्ले पाहताना आधी फाटक बघा

सह्याद्रीत गड दिसला की वाट शोधून चढायचं, ही आपली सवय. आयर्लंडमध्ये ती जरा आवरा. तिथले बरेच पडके किल्ले शेतकऱ्यांच्या खासगी कुरणात उभे आहेत आणि कुठल्याही रानातून चालत जायचा सरसकट हक्क तिथे नाही. क्लेअर परगण्यातल्या बरेन या चुनखडीच्या खडकाळ मुलुखातला लेमाने किल्ला घ्या. 15व्या शतकातला बुरूज आणि त्याला जोडलेला 17व्या शतकातला वाडा, छप्पर नाही, नुसत्या खिडक्यांच्या रांगा! पण जागा खासगी आहे, म्हणून तो रस्त्यावरूनच डोळे भरून पाहायचा. तेवढ्यानेही मन भरतं.

त्याच भागात पुढे उत्तरेला पोलनाब्रोन हे 5,000 वर्षांहून जुनं दगडी थडगं आहे. तिथे जवळ जाता येतं. मात्र बरेनच्या चुनखडीच्या लाद्यांमध्ये खोल भेगा असतात आणि पावसात दगड विलक्षण निसरडा होतो. घोटा सांभाळणारे बूट हवेतच. आठवण म्हणून दगडांच्या चळती रचू नका. त्या भेगांतच दुर्मिळ रानफुलं उगवतात.

वाटेतलं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या, मेंढ्या बाहेर पडतात. गाडी फाटकासमोर लावू नका, ट्रॅक्टर अडतो. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये मात्र रात्री दहापर्यंत उजेड असतो, तेव्हा समुद्राकाठचे मोहरचे कडे संध्याकाळसाठी राखून ठेवा.