टक्के नको, तास सांगा
'सर्व्हर ९९.९ टक्के वेळ सुरू राहील' असं तांत्रिक सादरीकरणाच्या स्लाइडवर दिसलं की निर्णय घेणारे सगळे मान डोलावतात, पण हाती कुणाच्याच काही लागत नाही. त्याऐवजी सांगा, वर्षभरात मिळून साधारण पावणेनऊ तास सेवा बंद राहू शकते. हमी ९९.९९ टक्क्यांची असेल, तर तेच जेमतेम ५३ मिनिटांवर येतं. आता खरा प्रश्न समोर येतो: मधले हे जवळपास आठ तास वाचवायला किती पैसे मोजायचे?

तुम्हाला कोणता निर्णय हवाय, हे पहिल्याच स्लाइडवर लिहा. सिस्टिमची आकृती शेवटी, कुणी विचारलंच तर. आणि तालीम तांत्रिक क्षेत्राबाहेरच्या माणसासमोरच करा. तो जिथे 'म्हणजे?' विचारेल, तिथलं वाक्य बदला.