फिल्डवरच्या पोरानं संस्थेचा सचिव कसं व्हायचं

बरेच पोरं विचारतात, दादा, पाच-सहा वर्षं झाली संस्थेत राबायलोत, गावबैठका आम्हीच घेतो, मग पुढं काय? पुढं सचिव-अध्यक्ष होता येतं की, पण नुसतं गावात फिरून नाही. मी बीडकडं ऊसतोडीवाल्यांच्या लेकरांचं काम करत करत सचिव झालो म्हणून सांगतो.

आधी फिल्ड पक्कं करा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, तेव्हा कोणत्या घरातनं कोयता चाललाय (नवरा-बायको मिळून एक कोयता) आणि लेकरू आजीपाशी ठेवायलेत का सोबत न्यायलेत हे दारात बसून वहीत लिहायचं, हंगामी वसतिगृहाची (ऊसतोडीच्या काळात मागं राहणाऱ्या लेकरांच्या सोयीची) यादी त्यावरच बनते. मुकादमाशी, म्हणजे टोळी जमवून नेणाऱ्याशी, भांडण काढू नका. ट्रॅक्टरपाशी चहा घेत विचारलं तर टोळीतल्या लेकरांची नावं तोच पटापट सांगतो.

आता खरा विषय, कपाट, म्हणजे संस्थेची कागदपत्रं. किल्लारीचा भूकंप १९९३ चा, त्यानंतर लातूर-धाराशिवकडं कितीतरी जण संस्थांच्या कामाला लागले, तेव्हाचे तरुण आता साठीला टेकलेत, त्यांना पुढं कुणीतरी पाहिजेच असतं पण कपाटाची किल्ली सुटत नाही. तुम्ही किल्ली मागू नका, काम मागा. सर, यंदाच्या मिटिंगचं प्रोसिडिंग मी लिहितो म्हणा, म्हणजे बैठकीत काय ठरलं त्याची नोंद. वर्षभर लिहिलं की ठराव कसा होतो, सूचक-अनुमोदक, कोरम (बैठकीला लागणारी किमान हजेरी), सगळं आपोआप कळतं.

मग घटना वाचा, म्हणजे संस्थेची नियमावली हो. तुम्ही मानधनावर आहात की सभासद आहात? दोन्ही वेगळं आहे, आणि सभासद फीची पावती नसली तर निवडणुकीत तुमचं नावच नाही. मानधन घेणारा कार्यकारिणीत चालतो का तेही त्यातच बघा, नंतर वाद नको.

आमचं काय झालं सांगतो. मी निवडून आलो, पेढे वाटले, स्टेटस ठेवलं, आणि चेंज रिपोर्ट (पदाधिकारी बदलल्याची माहिती) टाकायचा राहूनच गेला, मी समजत होतो अध्यक्षांनी टाकला, ते समजत होते मी. धर्मादाय ऑफिसला, जिथं संस्थेची नोंद असते तिथं, तो ९० दिवसात द्यावा लागतो. नंतर विलंब माफीचा अर्ज, वकिलाची फी, हेलपाटे, आणि बँकवाला म्हणे सही बदलायचीय तर शेड्यूल वनवर (धर्मादायच्या नोंदीचा उतारा) तुमचं नाव दाखवा, तिथं तर अजून जुनीच माणसं! तीन महिने कार्यकर्त्यांचं मानधन अडकलं, तोंड दाखवायची लाज वाटायची. म्हणून निवड झाली की अजेंडा, सूचना पोचल्याच्या सह्या, ठराव आणि संमतीपत्रं त्याच दिवशी एका फाइलीत लावा, पेढे नंतर.

पैशाचं थोडक्यात: ३१ मार्चला हिशोब बंद, सहा महिन्यात ऑडिट, आयकर सवलतीच्या नोंदण्यांची (१२ए, ८०जी म्हणतात त्या) मुदत संपायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. कंपनीचा सीएसआर, म्हणजे समाजकामाचा निधी, पाहिजे तर सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा नोंदणी नंबर लागतो. व्हाउचर मात्र रोजच्या रोज, सोयाबीनची रास झाल्यावर बघू म्हणलात की गेलं.

सचिव झाल्यावर मला एका मुकादमाचा फोन आला, "आता तुमी खुर्चीत बसणार, मंग लेकरांची नावं कुणापाशी द्यायची?" तेव्हापासून दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस मी ऑफिसात सापडत नाही, सह्यांसाठी पोरं ट्रॅक्टरपाशी येतात.