कोपऱ्यातल्या कुंड्यांना वारा

खोलीच्या कोपऱ्यातल्या कुंड्यांची माती वरून कायम ओली, त्यावर पांढरी बुरशी आणि भोवती चिलटांसारख्या काळ्या माश्या. पाणी कमी केलं, तळाची भोकं तपासली, तरी फरक नाही. उजेडही पुरेसा होता. मग टिश्यू पेपरची अरुंद पट्टी पानांशेजारी टांगली. जराही हलेना! हवा तिथे चक्क साचलेली होती.

पानाला लागून दमट हवेचा पातळ थर असतो. वारा नसला की तो जाड होतो, पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडणं मंदावतं, मुळं पाणी कमी ओढतात आणि पाण्याबरोबर वर चढणारं कॅल्शियमही कोवळ्या पानांपर्यंत नीट पोचत नाही. कार्बन डायऑक्साइडही आत यायला वेळ लावतो.

छोटा फिरता टेबल फॅन आणला. सर्वांत कमी वेग, तोंड झाडांकडे नाही, भिंतीकडे. पानं नुसती डुलली पाहिजेत. फडफडली तर वारा जास्त. कुंड्याही थोड्या लांब लांब सरकवल्या, आणि माझ्या मते निम्मं काम त्यानेच झालं.

बुरशी गेली. वरची माती वेळेत सुकू लागली तशा माश्याही घटल्या, कारण त्यांच्या अळ्या ओल्या मातीतच वाढतात. मनी प्लांटचे नवे देठ आधीपेक्षा टणक आहेत. हलत्या हवेत खोड जाड होतं ते असं.

फर्न मात्र झोतापासून दूरच ठेवलंय, त्याच्या कडा लगेच करपतात. आणि आता पाणी लवकर लागतं, म्हणून मातीत बोट घालूनच ठरवतो.