घरातला ससा अचानक कुरतडू लागला तर

वर्ष-दीड वर्ष घरात शांतपणे नांदलेला ससा एखाद्या आठवड्यात दाराची चौकट पोखरू लागतो, सोफ्याचे कापड फाडतो, चार्जरच्या वायरीचे तुकडे करतो, आणि मग घरातली सगळी माणसे त्याला थांबवायचे कसे याच विचारात पडतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: गेल्या दोन-तीन आठवड्यांत काय बदलले? कुरतडणे हा सशाचा स्वभाव आहे आणि तो पूर्णपणे कधीच जात नाही. परंतु जे कालपर्यंत गवतावर आणि खोक्यावर भागत होते ते आज लाकडावर आणि भिंतीवर जात असेल, तर त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी कारण असते, आणि ते सापडले की उपायही सोपा होतो.

आपण घरात पाळतो तो ससा विदर्भातल्या शेतांत आणि माळावर दिसणाऱ्या सशाहून वेगळ्या जातीचा आहे. आपला रानातला ससा बीळ करीत नाही, गवतात दबून बसतो. पाळीव ससा मात्र युरोपातल्या बिळे खणणाऱ्या सशाचा वंशज आहे. बिळाच्या वाटेत आडवे येणारे मूळ दातांनी छाटून टाकणे हे त्याच्या पूर्वजांचे रोजचे काम होते, आणि जमिनीवर पडलेली वायर त्याला तशाच मुळासारखी भासत असावी. त्यामुळे तो खोडी काढतो आहे किंवा आपल्यावर राग काढतो आहे अशी समजूत सर्वप्रथम सोडून द्यावी.

पहिल्याच संध्याकाळी वायरी

कारण शोधायला काही दिवस लागतात. वायरींचा बंदोबस्त मात्र त्याच संध्याकाळी करावा. नागपुरात मार्चच्या उत्तरार्धापासून घराघरात कूलर सुरू होतात, आणि सशासाठी कूलरइतकी धोक्याची दुसरी वस्तू घरात नसते: पंपाची वायर खालून लोंबते, टाकीतले पाणी फरशीवर झिरपते, आणि गारव्यासाठी ससा नेमका तिथेच जाऊन बसतो. कूलरच्या वायरी स्टँडच्या वरच्या बाजूने नेऊन घट्ट बांधाव्यात आणि स्टँडभोवती गुडघ्याइतक्या उंचीची जाळी लावावी. फ्रिज, टीव्ही आणि वायफायच्या वायरींसाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा नालीदार फ्लेक्झिबल पाइप आणून तो लांबीत चिरावा आणि वायर त्यात बसवावी. भिंतीवरच्या वायरी केसिंग पट्टीत घ्याव्यात. ससा मागच्या पायांवर उभा राहिला तर दीड-दोन फुटांपर्यंत सहज पोहोचतो, हे पट्टी लावताना लक्षात ठेवावे. घराच्या मुख्य बोर्डवर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बसवून घ्यावा. तो सशाच्या दृष्टीने उपयोगाचा आहे आणि घरातल्या लहान मुलांच्या दृष्टीने त्याहून अधिक.

सशाने चालू वायर चावलीच, तर आधी मेन स्विच बंद करावा आणि मगच त्याला हात लावावा. तो नंतर नेहमीसारखा हिंडताना दिसला तरी निर्धास्त राहू नये. तोंडात आतून भाजलेले बाहेरून दिसत नाही, आणि विजेच्या धक्क्यानंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकते. त्यामुळे त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे.

आधी शरीर पाहावे

सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सर्व आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला दोन ते तीन मिलिमीटर वाढतात. यावरून, दात झिजवायला लाकूड दिले की झाले, असा समज सर्वत्र आढळतो, तो अपुरा आहे. मागच्या दाढा झिजतात त्या मुख्यतः लांब धाग्याचे गवत तासन्‌तास रवंथ केल्यासारखे दळण्याने. लाकूड त्या दाढांपर्यंत फारसे पोहोचत नाही. हनुवटी ओली राहणे, एका डोळ्यातून पाणी येणे, घास उचलून पुन्हा टाकून देणे, आवडती कडक वस्तू सोडून फक्त मऊ पाला खाणे आणि वजन उतरणे या खुणा दिसल्या तर दाढा तपासून घ्याव्यात. पुढचे दात वाढलेले दिसले म्हणून घरी नेलकटरने कापण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, कारण दात उभा चिरतो आणि जखम मुळापर्यंत जाते.

त्याचबरोबर लेंड्या रोज पाहाव्यात. निरोगी सशाची लेंडी गोल, एकसारखी आणि चुरल्यावर आत गवताचा भुसा दिसेल अशी असते. कार्पेटचे, टॉवेलचे किंवा सोफ्याच्या कापडाचे धागे पोटात गेले, तर लेंड्या लहान होतात किंवा माळेसारख्या एकमेकींना जोडून पडतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे गिळलेले बाहेर पडण्याची वाट एकच. दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर सकाळपर्यंत थांबण्याची ती वेळ नव्हे.

नागपुरातल्या महाल, इतवारी भागांतल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत शिसे असू शकते. अशी चौकट किंवा कपाट सशाने खरवडले असेल आणि तो मलूल वाटत असेल, तर पशुवैद्याला रंगाची गोष्ट आवर्जून सांगावी.

वय आणि नर-मादी

माझ्या पाहण्यात अचानक सुरू झालेल्या कुरतडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि नेमके याच्याकडेच लोकांचे लक्ष जात नाही. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ससा वयात येतो. कालपर्यंत मांडीवर झोपणारे पिल्लू गुरगुरू लागते, कोपऱ्यात लघवीचे फवारे मारते, फरशी खणते आणि हाताला येईल ते फाडते. लहान पिल्लू आणून तीन-चार महिने झाल्यावर जे कुटुंब ‘ससा बिघडला’ असे म्हणते, त्याचा ससा बहुधा फक्त मोठा झालेला असतो.

आमच्या भुरीचे प्रकरण थोडे निराळे होते. ती दोन वर्षांची, एकटीच वाढलेली मादी. मे महिन्यात एके दिवशी तिने कूलरच्या ताटीतून लाकडाचा भुसा ओढायला सुरुवात केली, दोन दिवसांत सोफ्याखालचे पातळ कापड फाडले आणि खाटेखालच्या कोपऱ्यातला भिंतीचा पोपडा काढला. उन्हाने आणि कंटाळ्याने ती असे करते आहे असे मी ठरवून टाकले आणि तिच्यासाठी खेळणी आणली. तिसऱ्या दिवशी ती तोंडात मिशांसारखा आडवा भुसा धरून कोपऱ्याकडे धावताना दिसली, आणि त्या कोपऱ्यात तिच्याच छातीचे उपटलेले केस सापडले. नराचा संबंध कधीही न आलेल्या मादीलाही खोटी गर्भधारणा होते. ती साधारण १६ ते १८ दिवस टिकते, आणि त्या काळात मादी घरटे बांधते. भुरी सोफा फाडत नव्हती, न जन्मणाऱ्या पिल्लांसाठी अंथरूण जमवत होती. ते समजल्यावर तिच्यावर ओरडल्याचे मला फार वाईट वाटले.

अशा वेळी मादीला घरटे करू द्यावे. एक खोके आणि भरपूर वाळलेले गवत द्यावे, बांधलेले घरटे मोडू नये, आणि तिला उचलणे शक्य तितके टाळावे. हे वारंवार होत असेल तर नसबंदीचा विचार करावा. मादीच्या बाबतीत ती एरवीही हिताची आहे, कारण नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसे गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच वाढते. शस्त्रक्रियेनंतर स्वभाव निवळायला चार ते सहा आठवडे लागतात. दुसऱ्याच दिवशी फरक पडेल अशी अपेक्षा ठेवू नये.

शस्त्रक्रिया कोणाकडे करावी हा प्रश्न नागपुरात अनेकांना पडतो. सेमिनरी हिल्सवर १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करता येते. खासगी दवाखान्यात जायचे असेल तर सशांवर किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे सरळ विचारावे आणि विचारताना संकोच करू नये. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायला सांगितले, तर कारण विचारावे, कारण त्याला उलटी होत नाही आणि रिकामे पोट त्याला अपायकारक ठरते. अमॉक्सिसिलिनसारखे प्रतिजैविक तोंडावाटे देणे सशाच्या जिवावर बेतू शकते. कुत्र्यासाठी घरात आणलेले कोणतेही औषध त्याला परस्पर देऊ नये.

गवत संपले की लाकूड सुरू होते

प्रौढ सशाच्या आहारात सुमारे ८० ते ८५ टक्के भाग गवताचा असावा. अनेक घरांत हे प्रमाण उलटे असते: वाटीभर पेलेट (दुकानात मिळणारे गोळीखाद्य), गाजर, कधी बिस्कीट, आणि गवत फक्त पिंजऱ्यात अंथरायला. अशा सशाचे पोट पटकन भरते, दिवसभर चघळायला काही उरत नाही, आणि तोंड चौकटीकडे वळते. पेलेट दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ ग्रॅमपर्यंत पुरेत. गवत मात्र चोवीस तास समोर हवे.

टिमोथी गवत ऑनलाइन मिळते, पण महाग पडते. हरळी, म्हणजे आपण दूर्वा म्हणून वाहतो तेच गवत, ताजे किंवा सावलीत वाळवून उत्तम चालते, मात्र ते रस्त्याच्या कडेचे किंवा फवारणी झालेल्या बागेतले नसावे. भंडारा-गोंदियाकडून येणारे धानाचे तणस चघळायला आणि घरट्याला चांगले. त्यात पोषण कमी असल्याने मुख्य आहार म्हणून ते पुरत नाही. कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, बारीक आणि धुळीचे असते, ते टाळावे. लसूणघास पिल्लांना चालतो, पण प्रौढ सशाला रोज दिल्यास कॅल्शियम जास्त होते. पावसाळ्यात गवताच्या पोत्याला बुरशीचा वास येऊ लागला की ससा ते खाणे सोडतो, आणि कुरतडणे सुरू झाल्याचा दिवस पुष्कळदा नवे पोते उघडल्याच्या दिवसाशी जुळतो. म्हणून पोते आधी हुंगून पाहावे.

घरात काय बदलले

मे महिन्यात इथले तापमान ४५ अंशांच्या वर जाते. बाल्कनीत मोकळा फिरणारा ससा मग दिवसभर एका खोलीत बंद होतो, आणि त्याची सगळी धावपळ दातांतून बाहेर पडते. ससा पहाटे आणि संध्याकाळी सर्वाधिक हालचाल करतो, तेव्हा उन्हाळ्यात पहाटे पाच ते सात आणि दिवेलागणीनंतर दोन तास त्याला मोकळे सोडण्याचा नेम ठेवावा. दुपारी त्याला शहाबादी फरशीचा ओला तुकडा बसायला द्यावा.

दुसरा बदल शाळांचा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दोन महिने मुलांच्या अंगाखांद्यावर खेळलेला ससा एका सोमवारी सकाळपासून एकटा पडतो, आणि मुलांच्या खोलीचे दार कुरतडतो. त्याला सकाळी मुले निघण्याआधी पंधरा मिनिटे आणि परतल्यावर अर्धा तास जमिनीवर बसून सोबत द्यावी. तान्ह्या पोळ्याला निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीचे ढोल आणि दिवाळीचे फटाके यांमुळे भेदरलेला ससाही पिंजऱ्याच्या सळया चावतो. त्या दिवसांत त्याला आतल्या खोलीत, दोन तोंडे असलेल्या खोक्यात लपायला जागा करून द्यावी.

काय द्यावे आणि काय झाकावे

ससा नेमके काय कुरतडतो यावरून त्याला काय द्यायचे ते ठरवावे, कारण सर्वांना एकच खेळणे चालत नाही. लाकूड पोखरणाऱ्याला तुतीच्या किंवा पेरूच्या न फवारलेल्या, वाळलेल्या डहाळ्या द्याव्यात. कापड ओढणाऱ्याला खाकी कागदाच्या पट्ट्या गवतात मिसळून द्याव्यात. गोणपाट देऊ नये, त्याचे धागे गिळले जातात. फरशी आणि गादी खणणाऱ्यासाठी किराणा दुकानातले मोठे खोके आणावे, त्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढून टाकावी, आणि ते चुरगळलेल्या कागदाने अर्धे भरावे. बुरडाकडची बिनरंगाची बांबूची टोपली हे मला सापडलेले सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ खेळणे आहे. तिच्या काठाला तार नाही ना, एवढे पाहून घ्यावे. आधी कुरतडलेल्या जागेसमोरच नवी वस्तू ठेवावी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे.

चौकटीच्या कोपऱ्यांना सुताराकडून अॅल्युमिनियमचा अँगल दीड-दोन फुटांपर्यंत ठोकून घ्यावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी हा खर्च घरमालकाशी होणाऱ्या वादापेक्षा निश्चितच कमी आहे. सोफ्याची खालची बाजू प्लायने बंद करावी. कण्हेर, धोतरा, रुई, मनी प्लांट आणि गाजरगवत यांपैकी काहीही त्याच्या वाटेत राहू देऊ नये.

घरातली वडील मंडळी चौकटीला तिखट किंवा फिनेल लावायचा सल्ला देतात. हेतू चांगला असतो, पण तिखट सशाच्या डोळ्यांत आणि नाकात जाते, तर फिनेल विषारी आहे. मारणे, पाणी उडवणे किंवा शिक्षा म्हणून पिंजऱ्यात कोंडणे यांतून ससा फक्त आपल्याला भिऊ लागतो आणि आपली पाठ वळली की कुरतडतो. त्याऐवजी एकदाच हलकी टाळी वाजवावी, त्याने मान वर केली की लगेच डहाळी पुढे करावी, आणि त्याने ती धरली की कोथिंबिरीची एक काडी द्यावी. रोज असे केल्यास दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो.

या सर्व काळात एक साधी वही ठेवावी आणि तीत तारीख, काय कुरतडले, गवत किती संपले, लेंड्या कशा होत्या एवढेच लिहावे. भुरीच्या वहीत मे आणि ऑगस्ट अशा दोन महिन्यांत तीच नोंद आली, त्यावरूनच पशुवैद्यांनी नसबंदीचा निर्णय दिला. ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून खाटेखालचा कोपरा तसाच राहिला आहे. टोपली मात्र दर महिन्याला नवी आणावी लागते.