गाडीचा खरा खर्च : किलोमीटरमागे किती पडतो, ते असे काढा

गाडीला किती खर्च येतो, असे विचारले की उत्तरात हप्ता आणि इंधन येते. बहुतेक नव्या गाड्यांचा सर्वांत मोठा खर्च मात्र घसारा, म्हणजे उतरत जाणारी किंमत, हा असतो. त्याचे बिल कधी येत नाही, म्हणून तो विसरला जातो. त्यामुळे हिशेब शेवटापासून मांडा. गाडी किती वर्षे ठेवणार, वर्षाला किती किलोमीटर चालवणार आणि विकताना हातात किती येणार, हे तीन आकडे आधी लिहा. इथे ८ वर्षे आणि वर्षाला १२,००० किलोमीटर धरू, म्हणजे एकूण ९६,०००.

विक्रीची किंमत काढण्यासाठी त्याच मॉडेलच्या, ८ वर्षे वापरलेल्या आणि जवळपास तेवढ्याच चाललेल्या गाड्यांच्या पाच-सहा जाहिराती पाहा. मधला आकडा घ्या आणि त्यातून दहाएक टक्के वजा करा, कारण जाहिरातीत मागणी असते आणि सौदा खाली होतो. या आकड्याला त्या मॉडेलच्या आजच्या नव्या किमतीने भागा. आठ वर्षांपूर्वीच्या किमतीने भागले तर मधली भाववाढ हिशेबात शिरते आणि घसारा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. भागाकार ०.३ आला तर ७० टक्के किंमत गेली. हा उतार सुरुवातीच्या वर्षांत सर्वांत तीव्र असतो. दर तीन वर्षांनी नवी गाडी घेणाऱ्याला किलोमीटर महाग पडतो तो यामुळेच. नोंदणी आणि कर वेगळे भरले असतील तर ते पूर्ण खर्चात धरा.

कर्ज असेल तर व्याजाचा दर घटत्या शिलकीवर आहे की फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ पूर्ण रकमेवर, हे विचारा. एक लाखावर १० टक्के फ्लॅट दराने पाच वर्षांत ५०,००० व्याज होते आणि हप्ता २,५०० पडतो. घटत्या शिलकीच्या हिशेबात हाच दर १७ टक्क्यांच्या वर जातो, कारण शेवटच्या वर्षी एक चतुर्थांशाच्या आसपास मुद्दल उरलेले असतानाही व्याज पूर्ण लाखावर भरले जाते. गाडी रोखीने घेतली, तर त्या रकमेवर बुडालेले व्याज खर्चात लिहा.

इंधनासाठी माहितीपत्रकातला आकडा घेऊ नका. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, नेहमीसारखी गाडी चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तशीच भरा. चाललेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागा. एका खेपेवर विसंबू नका, तीन-चार खेपांची सरासरी घ्या. कागदावर १८ आणि रस्त्यावर १५ असे एव्हरेज निघाले, तर ९६,००० किलोमीटरला ५,३३३ऐवजी ६,४०० लिटर लागतात. विजेच्या गाडीत आकडा चार्जरच्या मीटरवरून घ्या, कारण चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज गाडीच्या पडद्यावर दिसत नाही.

देखभालीत गफलत होते ती पहिल्या दोन-तीन वर्षांच्या बिलांवरून पुढचा अंदाज बांधल्यामुळे. त्या काळात वॉरंटी असते आणि मोठे भाग अजून झिजलेले नसतात. प्रत्येक भागाची मुदत मॅन्युअलमधून काढा, त्या मुदतीने ९६,००० ला (मुदत वर्षांत असेल तर ८ ला) भागा आणि किमतीने गुणा. टायर साधारण ४०–५० हजार किलोमीटर टिकतात, म्हणजे ८ वर्षांत निदान एक पूर्ण संच लागतो, बहुधा दुसराही दारात येतो. गाडी उभी राहिली तरी रबर कडक होते. टायर कधी बनला, हे सांगणारे चार अंक त्याच्या बाजूवर असतात. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२वा आठवडा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि कमी तापमानाला उकळू लागते, म्हणून बऱ्याच गाड्यांत गाडी किती चालली हे न पाहता ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेले असते. १२ व्होल्टची बॅटरी ३ ते ५ वर्षे धरा. रोजच्या फेऱ्या अगदी छोट्या असतील तर ती नीट चार्ज होत नाही आणि लवकर जाते. इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, असेल तर तो मुदतीत बदलणे कधीही टाळू नका. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि बेल्टच्या कितीतरी पट खर्च इंजिन उघडण्यात जातो. क्लच, ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनचे बुश याच यादीत घ्या.

विमा, पार्किंग, टोल आणि धुलाई यांची वर्षाची बेरीज करून तिला ८ ने गुणा. विम्याच्या दाव्यात आपल्या खिशातून जाणारा वाटाही लिहा.

सगळे मिळवून ९६,००० ने भागले की किलोमीटरमागचा खरा खर्च मिळतो. गाडी घ्यावी की नाही, हे या आकड्यावर ठरवा. गाडी दारात असताना आज ती काढावी की बसने जावे, यासाठी मात्र इंधन, झीज, टोल आणि पार्किंग एवढेच मोजा. विमा आणि व्याज गाडी उभी असली तरी जातातच.

जुनी गाडी ठेवायची की बदलायची, हा प्रश्न आला तर आतापर्यंतच्या दुरुस्त्या विसरा. पुढच्या एका वर्षात तिच्यावर होणारी दुरुस्ती, इंधन, विमा आणि घसारा एका बाजूला मांडा, आणि बदली गाडीचा पहिल्या वर्षाचा घसारा, व्याज, विमा आणि इंधन दुसऱ्या बाजूला. गिअरबॉक्सचे मोठे बिल डोळ्यांत भरते, पण नव्या गाडीचा एका वर्षाचा घसारा अनेकदा त्याहून मोठा निघतो.