झाडीपट्टीच्या स्टेजवरून क्रूझच्या स्टेजमागे: नव्या पोरांसाठी

वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, अर्जुनी मोरगाव या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची पोरं मला फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "दादा, क्रूझवर वेटर म्हनून लागाले का करा लागते जी?" वेटरचं काम वाईट नाही. त्या कमाईवर आपल्याकडच्या कित्येकांनी घरं बांधली, बहिणींची लग्नं केली. पण बोलता बोलता कळतं की हा पोरगा झाडीपट्टीच्या नाटकात लाइट करतो, नाहीतर बिछायतवाल्याकडे (मांडव-स्टेज भाड्याने देणाऱ्याकडे) साऊंड लावतो, आणि मग मला हळहळ वाटते. त्याच्या हाताला जमणारं काम जहाजावर असतं. ते त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. मी त्याच वाटेने गेलो, म्हणून हे लिहितोय.

आधी कंपन्यांची चढाओढ समजून घ्या, कारण आपल्या नोकऱ्या तिच्यातून निघतात. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन, एमएससी, डिस्ने या सगळ्यांना समुद्र तोच आणि बंदरंही बरीचशी तीच. मग गिऱ्हाईक आपल्याकडे कसं ओढायचं? जहाजावर काय दाखवता, यावर. रॉयल कॅरिबियनने १९९९ मध्ये 'व्हॉयेजर ऑफ द सीज'वर बर्फाचं स्केटिंग रिंक आणलं. नॉर्वेजियनने 'जॉय' या जहाजावर २०१७ मध्ये गो-कार्टचा ट्रॅक बांधला. कार्निव्हलने 'मार्डी ग्रा'वर चक्क रोलर कोस्टर बसवला. २०२४ मध्ये आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'मध्ये जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात आणि त्यांच्या दिमतीला सुमारे २,३५० कर्मचारी असतात. डिस्नेची जहाजं १९९८ पासून चालतात, आणि भर समुद्रात आतषबाजी ही त्यांनी आपली ओळख करून ठेवली. एकाने काही नवं केलं की दुसऱ्याला गप्प बसता येत नाही. प्रत्येक नव्या खेळामागे लाइटवाले, साऊंडवाले, दोर-पुली सांभाळणारे आणि पडद्यामागे धावणारे हात लागतात.

आतषबाजीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जहाजावरचं काम कसं असतं ते तिच्यातून नीट कळतं. गावात रावणदहनाला आपण मैदान बघतो, लोकांना मागे सारतो आणि वात पेटवतो. जहाजावर मागे सरायला जागाच नसते. अमेरिकेत जमिनीवरच्या आतषबाजीसाठी एनएफपीए ११२३ हे मानक आहे. त्यात गोळ्याच्या व्यासाच्या दर इंचामागे ७० फूट अंतर धरतात, म्हणजे तीन इंची गोळ्याला २१० फूट. 'आयकॉन'सारखं अवाढव्य जहाजही पाण्याच्या पातळीला १६० फुटांच्या आसपासच रुंद आहे. म्हणून माल छोटा निवडावा लागतो, उडवायची जागा काटेकोर ठरवावी लागते आणि तिच्या भोवतीचा डेक आधीच बंद करावा लागतो.

त्यात वारा. जहाज स्वतःच वारा तयार करतं. हवा अगदी पडलेली असली तरी २० नॉटने जाणाऱ्या जहाजाच्या डेकवर समोरून ताशी ३७ किलोमीटरचा वारा लागतो. खरा वारा त्यात मिसळला की हिशोब बदलतो. म्हणून वेग कमी करतात आणि जहाजाचं तोंड असं धरतात की धूर, राख, जळके कागद प्रेक्षकांवर न येता पाण्यावर जातील. समुद्रात प्लास्टिक टाकायला मार्पोल या समुद्र-प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने पूर्ण बंदी आहे, त्यामुळे गोळ्याचं वेष्टण कशाचं, हेही बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट शेतातल्या माणसाच्या डोक्यात सहसा येणार नाही. समुद्रावर आकाशात लाल उजेड दिसला, की कोणीतरी बुडतंय असा त्याचा अर्थ होतो. जीवरक्षक बोटीतला लाल पॅराशूट फ्लेअर किमान ३०० मीटर वर चढतो आणि किमान ४० सेकंद जळतो. आपली रोषणाई पाहून दुसरं जहाज मदतीला धावू नये म्हणून आजूबाजूच्यांना रेडिओवरून आधी कळवावं लागतं.

आतषबाजीच्या दारूला हात लावणारे पायरो तंत्रज्ञ वेगळे, त्यांचा परवाना वेगळा. खास रात्रींना मी फायर वॉचवर, म्हणजे कुठे आग लागते का ते बघायच्या पहाऱ्यावर असायचो. पाण्याचा दाब भरलेला होज हातात ताठ आणि जड लागतो. आकाशात काहीही फुटो, आपली नजर डेकवर. ठिणगी कुठे पडली, ताडपत्रीच्या घडीत काही धुमसतंय का, एवढंच बघायचं. खेळ संपला तरी नळकांड्यांजवळ जायचं नाही. एखादी न उडालेली असू शकते. पायरो तपासून मोकळं म्हणेल तेव्हाच दोर सुटतो. आणि वारा वाढला म्हणून कप्तानाने खेळ रद्द केला, तर कोणी हुज्जत घालत नाही. हजारो लोक वाट बघत असताना 'आज नाही' म्हणणारी शिस्त मी तिथे पाहिली आणि मला ती मनापासून आवडली.

याच कामात शिरायचं असेल त्यांनी नागपूरकडे बघावं. विस्फोटकांचे परवाने आणि सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या 'पेसो'चं मुख्यालय नागपुरात आहे, आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही तिथेच. एवढं जवळ असून आपल्याकडची पोरं तिकडे फिरकत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघा. दिवाळीनंतरच्या मंडईपासून (म्हणजे गावजत्रेपासून) होळीपर्यंत रोज नवं गाव, संध्याकाळपर्यंत स्टेज उभा, पहाटे नाटक संपलं की सगळं उतरवून गाडीत. लाइट गेली तर जनरेटर, माईक मेला तर प्रवेश चालू असताना बदलायचा. जहाजावर एकाच थिएटरमध्ये आठवडाभर वेगवेगळे खेळ लागतात, तिथे नेमकी हीच सवय कामी येते. कमी पडतो तो कागद आणि इंग्रजी. लाइट चालवायचा डीएमएक्स कन्सोल, साऊंडचा डिजिटल मिक्सर यांचा एखादा कोर्स करा, आयटीआय इलेक्ट्रिशियन असेल तर उत्तमच. इंग्रजी नाटकी नको, पण आणीबाणीची सूचना ऐकून लगेच कळली पाहिजे.

कागदपत्रं अशी: पासपोर्ट, डी. जी. शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या) मान्य संस्थेतून एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण, इंडॉस नंबर (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि मान्य डॉक्टरची वैद्यकीय तपासणी. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या जहाजासाठी सी१/डी हा खलाशांचा व्हिसा लागतो, तो नोकरीचं पत्र आल्यावरच.

एजंटांपासून जपा. आमच्या भागातल्या एका पोराच्या बापाने धान विकल्याचे पैसे आले तसे एजंटाच्या हातात ठेवले, आणि जहाज काही आलं नाही. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्याची फी खलाशाकडून घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी, पासपोर्ट यांचा खर्च तुमचा, व्हिसाचा कंपनीचा. भरती करणाऱ्याकडे आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, ते डी. जी. शिपिंगच्या यादीत स्वतः बघा. "पैसे टाका, सीट पक्की" असं कोणी म्हटलं की उठून या.

राहणं सोपं नाही. खिडकी नसलेली केबिन, दोघांत एक. सुट्टीचा अख्खा दिवस विसरा. त्याच करारात २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती लिहिलेली आहे. तिची नोंद ठेवतात, आणि सही करण्याआधी ती वाचायची. घरी पोळा, दिवाळी होत राहते आणि तुम्ही फोनवर बघत राहता. हे माय-बाबांना आधीच सांगून ठेवा.

होळी झाली की सीझन आटोपतो. पासपोर्टचा अर्ज तेव्हाच टाका. नाटक कंपनीच्या मालकाकडून कामाचं पत्र मात्र त्याआधीच घ्या, कोणते लाइट, कोणता मिक्सर, किती चॅनेल हे सगळं लिहून. होळीनंतर मंडळी पांगतात आणि दिवाळीपर्यंत कोणी हाती लागत नाही.